सर्व्हरचा हजेरीपट



कामगार-चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला की तो बोनस आणि महागाई भत्ता यांवर बोलणार, असे आपण धरूनच चालता. आज आमचा विषय निराळा आहे. तो आमच्या गळ्यात घातला तो एका मजूर बाईने. एका सरकारी नोंदणीसाठी ती रोजी बुडवून तिसऱ्यांदा आली होती. केंद्रावरच्या मुलाने सवयीप्रमाणे "सर्वर डाऊन आहे, उद्या या" असे सांगितले. ती तडक आमच्या कचेरीत आली आणि म्हणाली, "भाऊ, हा सर्वर कोन साहेब हाये? जवा यावं तवा तो डाऊनच रायते. त्याले रोज रोज रजा देते तरी कोन?"

कचेरीतले सगळे हसले. आम्हीही हसलो, पण मनात खजील झालो. ज्याची रजा मांडली जात नाही, ज्याला खाडा नाही, असा एकच नोकर आम्हांला आमच्या साऱ्या आयुष्यात आढळला, आणि त्याच्या गैरहजेरीचा पगार मात्र या बाईच्या मजुरीतून कापला जात होता. गिरणीत दोन मिनिटे उशिरा आलेल्या माणसाचा हिशेब ठेवणारे जग या साहेबाची हजेरी का ठेवत नाही? ती ठेवता येते काय? येत असल्यास कशी? याचा शोध आम्ही घेतला. आमचे शालेय शिक्षण बेताचेच. जे शिकलो ते वाचनालयात, संपाच्या मांडवात, आणि हा विषय तर एका तरुण सहकाऱ्यापाशी बसून. तेव्हा पंडितांनी चुका पोटात घालाव्या आणि इतरांनी आमच्याबरोबर पायरी पायरीने यावे.

प्रथम वेबसाइट म्हणजे काय ते पाहू. ती एक खिडकी आहे असे समजा. खिडकीमागे एक संगणक अहोरात्र बसलेला असतो, तोच सर्व्हर. आपण मोबाईलवर पत्ता टाकतो तेव्हा आपला मोबाईल त्या खिडकीशी जाऊन विनंती करतो, की अमुक कागद द्या. खिडकीतून कागद येतो, आणि त्याबरोबर तीन आकड्यांचा एक शेराही येतो. तो शेरा आपल्याला सहसा दिसत नाही, परंतु यंत्र तो वाचते. २०० म्हणजे "हा घ्या कागद". ४०३ म्हणजे "तुम्हांस परवानगी नाही". ४०४ म्हणजे "असा कागद येथे नाही". ४२९ म्हणजे "फार वेळा विचारता, थोडे थांबा". ५०० म्हणजे "चूक आमच्याच घरात झाली आहे". ५०३ म्हणजे "सध्या जमत नाही, मागाहून या". ठोकळ नियम असा, की चारशेच्या घरातला शेरा विचारणाऱ्याच्या विनंतीत खोट दाखवतो आणि पाचशेच्या घरातला शेरा खिडकीच्या आतली खोट दाखवतो. याखेरीज एक प्रकार उरतो, तो म्हणजे काहीच उत्तर न येणे. माणूस खिडकीशी उभा आणि आत सामसूम. यंत्राला अनंत काळ उभे राहू देत नाहीत. दहा किंवा तीस सेकंद वाट पाहा आणि "उत्तर नाही" असे लिहून परत फीर, असे त्याला बजावलेले असते.

"सर्वर डाऊन" या दोन शब्दांत हे सगळे निरनिराळे प्रकार एकाच गाठोड्यात बांधले जातात. कामगारांच्या भाषेत सांगायचे तर आजारी, गैरहजर, संपावर आणि कामावरून काढलेला या चौघांना एकच नाव देण्यासारखे ते आहे. तक्रार करावयाची तर गाठोडे आधी सोडले पाहिजे.

आता हजेरी कशी घ्यावी? माणूस बसवून दर पाच मिनिटांनी वेबसाइट उघडून पाहायला सांगितले, तर तो दुसऱ्या दिवशी काम सोडून जाईल, आणि गेलाच पाहिजे. हे काम यंत्राचे. ठरल्या वेळी, न चुकता, न कंटाळता एकच फेरी करणे ही कल्पना मात्र नवी नाही. नागपूरकरांना ती चांगली ठाऊक आहे. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल येथे सुरू झाली. गिरणी आज राहिली नाही, परंतु गिरण्यांच्या भोंग्यावर अर्ध्या शहराने किती वर्षे चुली पेटवल्या हे जुन्या लोकांना सांगावयास नको. कारखान्यांतल्या रात्रपहारेकऱ्याच्या गळ्यात एक घड्याळ असे. आवाराच्या प्रत्येक कोपऱ्यात साखळीला एक किल्ली बांधलेली; ती घड्याळात फिरवली की आतल्या कागदावर वेळेचा ठसा उमटे. पहारेकरी एखाद्या कोपऱ्यात गेला नाही, तर सकाळी कागद बोले.

रेल्वे नागपूरला १८६७ साली पोचली. तेव्हापासूनचे तिचे काम याच नियमावर चालते. किमन, म्हणजे आमचा चावीवाला, खांद्यावर हातोडा घेऊन आपल्या हद्दीतला रूळ रोज पायी तपासतो. पावसाळ्यात रात्रीची गस्त असते. दोन हद्दींचे गस्तवाले ठरल्या जागी भेटतात आणि एकमेकांची वही बदलतात. ही वही बदलण्याची युक्ती ध्यानात ठेवा. पुढे ती आपल्याला लागणार आहे.

संगणकातल्या भोंग्याचे नाव 'क्रॉन'. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आले, असे म्हणतात. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजने १९७९ साली युनिक्स या कार्यप्रणालीची सातवी आवृत्ती काढली, तिच्यात हा क्रॉन होता, आणि त्याचे वंशज आजही जगभरच्या संगणकांत काम करीत आहेत. त्याला हुकूम देण्याची रीत एका ओळीची. ओळीच्या आरंभी पाच घरे असतात: मिनिट, तास, महिन्यातील तारीख, महिना आणि आठवड्याचा वार. जे घर मोकळे ठेवायचे तेथे तारका काढतात. तिचा अर्थ "कोणताही". म्हणून '३० १० * * १-५' असे लिहिले, तर सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेदहा वाजता. पहिल्या घरात '*/५' आणि बाकी चारी घरांत तारका घातल्या, तर दर पाच मिनिटांनी. पुढे काम लिहायचे: अमुक खिडकीशी जा, शेरा आण, किती वेळ लागला ते मोज, वहीत मांड. दर पाच मिनिटांनी म्हणजे दिवसाकाठी २८८ फेऱ्या. हे काम लहानसा जुना संगणकही झोपेत करील.

आम्हीही असाच एक जुना संगणक कचेरीच्या कपाटावर ठेवला, आणि भाड्याच्या एका दूरच्या संगणकावर दुसरी फेरी लावली. पहिल्याच दिवशी फजिती झाली. सकाळी दहा वाजता खिडकी उघडते, म्हणून दहाची एक खास फेरी दूरच्या संगणकाला सांगितली होती. ती निघाली दुपारी साडेतीनला! आमचा तरुण सहकारी डोके धरून बसला. कारण साधे होते. भाड्याचे संगणक बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, आणि आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. त्याचे दहा ते आपले साडेतीन. यंत्र हुकमाचे ताबेदार खरे, पण हुकूम कोणाच्या घड्याळाने दिला हे मालकाने सांगितले पाहिजे.

दुसरी फजिती याहून मोठी, आणि ती सांगताना आम्हांला आजही संकोच वाटतो. महिनाभराची वही घेऊन आम्ही शिष्टमंडळासह संबंधित कार्यालयात गेलो. कार्यालयाचे नाव सांगत नाही. मुद्दा नावाचा नाही. साहेबांनी आपल्या अभियंत्याला बोलावले. तो तरुण, नम्र आणि हुशार होता. त्याने वहीतला एक मोठा खंड दाखवून विचारले, "काका, या दुपारी आमच्याकडे शेकडो अर्ज आले आहेत. तुमचे इंटरनेट चालू होते ना?" आम्ही परत येऊन चौकशी केली. त्या दुपारी आमच्याच रस्त्यावर खोदकामात तार तुटली होती. कपाटावरच्या पहारेकऱ्याला बाहेर पडायला दारच नव्हते, आणि त्याने सगळ्या जगाला गैरहजर मांडून ठेवले होते! दूरच्या संगणकाच्या वहीत ती दुपार स्वच्छ होती, पण ती वही आम्ही पडताळलीच नव्हती. खोट्या मस्टरवर कामगाराला काढणाऱ्या मालकाविरुद्ध आम्ही आयुष्यभर बोललो, आणि त्या दिवशी खोटे मस्टर आमच्या हातात होते.

त्या शरमेतून चार नियम शिकलो, ते सांगतो.

पहिला नियम: एका साक्षीवर कोणालाही गैरहजर मांडू नये. एक फेरी चुकली तर मिनिटाभराने पुन्हा विचारावे; आणि निरनिराळ्या ठिकाणच्या, निरनिराळ्या तारांवरच्या किमान दोन पहारेकऱ्यांनी "उत्तर नाही" म्हटले तरच बंद समजावे. एकालाच बंद दिसत असेल, तर दोष बहुधा वाटेत आहे.

दुसरा नियम: शेऱ्यावर भुलू नये. कित्येकदा खिडकी २०० असा शेरा मारते आणि कागदावर मात्र "क्षमस्व, काही चूक झाली" असे छापलेले असते. हजेरी लावून यंत्राशेजारी डुलकी काढणारा आपण सर्वांनी पाहिला आहे, त्यातलाच हा प्रकार. म्हणून कागदात अपेक्षित शब्द आहे की नाही, समजा "नवीन अर्ज" ही अक्षरे आहेत की नाहीत, तेही पाहावे. वेळही मोजावा; कारण चाळीस सेकंदांनी उघडणारे पान स्वस्त मोबाईल घेऊन उन्हात उभ्या असलेल्या माणसाला बंदच असते. शिवाय प्रत्येक वेबसाइटपाशी ओळख पटवणारे एक प्रमाणपत्र असते आणि त्याला मुदत असते. मुदत संपल्याच्या सकाळी सर्व्हर धडधाकट असूनही लोकांच्या मोबाईलवर धोक्याची पाटी येते. ती तारीख आधीच कळण्यासारखी असते, म्हणून पहारेकऱ्याने ती आधीच सांगावी.

तिसरा नियम: पहारेकऱ्यावर पहारा हवा. वहीत बिघाडाची नोंद नाही याचे अर्थ दोन: सर्व काही ठीक आहे, किंवा पहारेकरी मरून पडला आहे. येथे रेल्वेच्या गस्तवाल्यांची वही कामी येते. आमचे दोन्ही संगणक दर तासाला एकमेकांना "मी आहे" असे कळवतात. कोणाचा निरोप आला नाही, तर दुसरा आमच्या मोबाईलवर संदेश धाडतो. इंजिनात चालकाने ठरावीक काळ कशालाच हात लावला नाही, तर आधी इशारा होतो आणि मग ब्रेक आपोआप लागतो. तत्त्व तेच, की आवाज न येणे हीच खबर धरायची.

चौथा नियम: उगाच घंटा वाजवू नये. पहिल्या आठवड्यात आमचा मोबाईल रात्री इतक्यांदा वाजला, की आम्ही तो उशीखाली दडपला, आणि नेमकी खरी घंटा त्याच रात्री वाजली. आता लागोपाठ तीन फेऱ्या चुकल्या तरच संदेश येतो, आणि पूर्ववत झाल्यावर एकच संदेश येतो. बाकीचे सगळे वहीत मुकाट्याने मांडले जाते.

आता हिशेबाकडे वळू. कारण हजेरीपट मांडला तरी तो वाचणारा निराळे वाचू शकतो. संगणकाच्या व्यवसायात "शेकडा किती वेळ चालू" असे माप आहे. शेकडा ९९ ऐकायला कसे भरदार वाटते! पण ३० दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात, आणि त्यातला शंभरावा हिस्सा म्हणजे ७ तास १२ मिनिटे. वर्षाचे धरले तर ३ दिवस १५ तास ३६ मिनिटे. शेकडा ९९.९ म्हटले तर महिन्याला सुमारे ४३ मिनिटे.

आता समजा, एका अर्जाची मुदत ३० तारखेला संपते. खिडकी महिनाभर सुरळीत चालली आणि ३० तारखेला सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत बंद पडली. सात तास गेले. ७२० मधून सात वजा करा: शेकडा ९९.०३ चालू! अहवालात हा आकडा छापला जाईल आणि कोणी खोटे बोलले असे आपल्याला म्हणता येणार नाही. पण रात्रीचे तास कशाला मोजायचे? कचेरीचे रोजचे सात तास आणि कामाचे २६ दिवस धरले, तर १८२ तासांतले सात गेले. शेकडा ९६ वर उतरलो. आणि जी बाई शेवटच्या दिवशीच येऊ शकली, कारण आदल्या दिवसापर्यंत कागदाला लागणारे पैसेच तिच्यापाशी नव्हते, तिच्यापुरते शेकडा शून्य. बरे, शेवटच्या दिवशी गर्दी होते म्हणूनच खिडकी कोसळते. म्हणजे बिघाडाचे तास आणि गरजेचे तास एकाच दिवशी येतात. सरासरी हा शब्द ऐकला की कामगाराने कान टवकारावे, हे आम्ही मजुरीच्या प्रश्नात शिकलो. येथेही ते खरे ठरले.

येथवर आम्ही यंत्राची एक बाजू सांगितली. दुसरी न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. दर पाच मिनिटांनी विचारणारे यंत्र दर क्षणाला शंभर वेळाही विचारू शकते, आणि मग तो पहारा राहत नाही, तो धक्काबुक्कीचा मोर्चा होतो. कोविडच्या दुसऱ्या लाटेतले दिवस आपण विसरला नसाल. १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता कोविन या संकेतस्थळावर नोंदणी खुली झाली आणि एकाच वेळी लोटलेल्या गर्दीने ते अडखळले. पुढे लसीच्या जागा दिसताक्षणी भरू लागल्या. ज्यांना संगणक येत होता त्यांनी दर काही सेकंदांनी "जागा आहे का?" असे विचारणारे कार्यक्रम लिहिले. त्यांपैकी कित्येकांनी ही माहिती सर्वांना फुकट कळवली, हे त्यांचे पुण्य. यंत्रांसाठी ठेवलेल्या खिडकीवर एका ठिकाणाहून पाच मिनिटांत शंभरच विनंत्या, अशी मर्यादा होती. तरीही ज्याच्या हाती साधा फोन, त्याने रांगेत उभेच राहू नये अशी स्थिती झाली. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात नेमके या डिजिटल दरीवर बोट ठेवले, आणि थेट केंद्रावर जाऊन नोंदणी करण्याची वाटही टप्प्याटप्प्याने खुली झाली.

रेल्वेच्या तत्काळ तिकिटाची गोष्ट अशीच. पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे जे प्रयत्न होतात त्यांतले निम्म्यापर्यंत प्रयत्न यंत्रांचे असतात, असे २०२५ साली सरकारनेच जाहीर केले. आणि १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी आवश्यक झाली. नागपूर स्थानकावरून दिवाळीत गावी जाऊ पाहणाऱ्या बांधकाम-मजुराच्या रांगेत त्याच्यापुढे कोण उभे होते, हे त्याला कधी दिसलेच नाही.

म्हणून दुसऱ्याच्या दाराशी यंत्र पाठवावयाचे तर रीत पाळावी. दार लोकांसाठी आहे, यंत्र पाहुणे आहे. विचारणे विरळ असावे. पाच मिनिटांनी पुरते तर मिनिटाला विचारू नये. पूर्ण कागद न मागता नुसता शेरा मागता येतो. बहुतेक फेऱ्यांत तेवढाच मागावा आणि कागद अधूनमधून पाहावा. ४२९ किंवा ५०३ असे उत्तर आले तर लगेच पुन्हा धडकू नये. एक मिनिट, मग दोन, चार, आठ, असे अंतर दुप्पट करीत जावे, म्हणजे आजारी सर्व्हरला उठायला वाव मिळतो. सगळ्यांनी ठोक्याला दहा वाजता विचारले तर आपणच गर्दी करतो. तेव्हा दहा वाजून सात मिनिटे, अशी आडवेळ घ्यावी. यंत्रांनी कोठे जाऊ नये हे बऱ्याच वेबसाइटी एका फलकावर लिहून ठेवतात. ही प्रथा १९९४ पासूनची आहे आणि ती पाळावी. कोणाचा परवलीचा शब्द वापरून आत शिरू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ नुसार परवानगीशिवाय संगणकाचे काम विस्कळीत करणाऱ्याला भरपाई द्यावी लागते, आणि ते लबाडीने केले असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत तुरुंग आहे. आमच्या काही उत्साही तरुणांनी सुचवले होते, की यंत्रे लावून ती खिडकी एक दिवस बंदच पाडू म्हणजे साहेबांना कळेल. आम्ही त्यांना सांगितले, की बाबांनो, त्या दिवशी रांगेत उभे असतील ते आपलेच लोक.

शेवटी आमच्या वहीचे काय झाले, ते सांगून थांबतो. दोन पहारेकरी, जुळवलेली घड्याळे आणि पडताळलेली नोंद घेऊन आम्ही त्याच कार्यालयात पुन्हा गेलो. पहिल्या वेळची चूक आम्ही आधी कबूल केली. मग नवी वही टेबलावर ठेवली. त्याच नम्र अभियंत्याने आपल्याकडील नोंदी उघडल्या आणि ओळीला ओळ लावून पाहिली. थोडाफार मिनिटांचा फरक होता, आणि तो असणारच. पाच मिनिटांच्या फेरीला चार मिनिटांचा खंड कधी कधी दिसतच नाही. पण मुदतीच्या शेवटच्या दिवसातली भोके दोन्ही वह्यांत एकाच जागी होती. त्याने मान वर करून साहेबांकडे पाहिले आणि "बरोबर आहे" एवढेच म्हटले. अडकलेल्या अर्जांना वाढीव मुदत मिळाली. मात्र जिने आम्हांला प्रश्न विचारला होता, तिची मुदत आमची पहिली, चुकीची वही फिरत होती त्याच काळात उलटून गेली होती, आणि वाढीव मुदत मागच्या दिवसांना लागू झाली नाही. तार तुटल्याची चौकशी आम्ही आधी केली असती, तर कदाचित ती वेळेत बसली असती. हा हिशेब आमच्या खात्यावर आहे.

अशी वही न्यायालयात न्यावयाची तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे दाखला जोडावा लागतो. नुसते छापील पान पुरत नाही. पण दर वेळी न्यायालयच गाठावे असे नाही. आमची मागणी तीन कलमांची आहे. खिडकी जेवढे तास बंद राहिली तेवढी मुदत आपोआप पुढे सरकावी. बंद राहिल्याचे तास त्या खिडकीवरच लोकांना दिसतील असे लिहावे. आणि खिडकी बंद असताना दाराशी आलेल्या माणसाला तो आल्याची तारखेची पोच मिळावी. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे; अमुक दिवसांत सेवा मिळालीच पाहिजे असे तो म्हणतो. पण ते दिवस मोजले जातात अर्ज दाखल झाल्यापासून. अर्ज आतच गेला नाही, तर कायद्याचे घड्याळ सुरूच होत नाही. ते सुरू करून देणारी किल्ली म्हणजे ही पोच.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी संगणक शिकलेली मुले आहेत. त्यांना आम्ही विनवतो, की आपल्या वस्तीतल्या गरजेच्या दोनतीन खिडक्यांचा हजेरीपट, वर सांगितलेली रीत पाळून, ठेवा. खर्च फारसा नाही. पहिल्या महिन्याची वही कोणाला दाखवू नका. ती आधी दुसऱ्या वहीशी पडताळा. आमच्या कपाटावरचा संगणक अजून चालू आहे. ती बाईही अधूनमधून येते, त्याच्याकडे बोट दाखवून विचारते, "काय भाऊ, आज साहेब हाजर हाये का?" आता आम्हांला वही पाहून उत्तर देता येते.